परिचारिकेच्या जागी मदतनीस : खाजगी रुग्णालयांतील एका अदलाबदलीचा विचार

खाजगी रुग्णालयात रुग्णाच्या खाटेशी दोन वेगळ्या प्रकारची माणसे काम करतात आणि नातेवाईक त्या दोघींनाही ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात. त्यांपैकी पहिली नोंदणीकृत परिचारिका असते, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेत ठरावीक मुदतीचे शिक्षण घेऊन जी परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, जिचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढले आहे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्या नोंदवहीतून जिचे नाव कमीही होऊ शकते, अशी व्यक्ती. दुसरी मदतनीस असते. ती बहुधा दहावी-बारावीपर्यंत शिकलेली असते, कधी काही महिन्यांचा एखादा वर्ग करून आलेली, तर कधी थेट कामावर लागून बीपी घेणे, विगो (शिरेतली सुई) लावणे, सलाईन बदलणे, ड्रेसिंग करणे हे सारे पाहून पाहून शिकलेली असते. मदतनीस असणे यात गैर काहीच नाही, कारण रुग्णालयाला तिची गरज आहे आणि तिच्या कामाला मान आहे. प्रश्न उद्भवतो तो मालकाने हजेरीपत्रकावर या दोघींना एकाच रकान्यात बसवले म्हणजे, पहिली मिळाली नाही वा महाग वाटली की तिच्या जागी दुसरी उभी केली म्हणजे, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही म्हणजे.

नोंदणीकृतांमध्येही पायऱ्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, ‘जीएनएम’ म्हणून ओळखला जाणारा सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि ‘एएनएम’ हा साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. यांपैकी एएनएमचे शिक्षण मुख्यतः गावपातळीवरच्या कामासाठी, म्हणजे उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि साधे बाळंतपण यांसाठी आखलेले आहे. त्यामुळे एएनएम झालेल्या मुलीला अतिदक्षता विभागात रात्रपाळीवर एकटीच ठेवणे हाही याच अदलाबदलीचा सौम्य प्रकार ठरतो, मात्र तिच्याकडे नोंदणी असल्याने तो सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

ही अदलाबदल कायद्याच्या अज्ञानातून होते असे म्हणण्यास फारशी जागा नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, तोच पुढे महाराष्ट्राचा कायदा म्हणून चालत आला. शुश्रूषागृहात रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येईल, असे त्या कायद्यात सांगितले आहे, आणि पात्र परिचारिका म्हणजे नोंदवहीत नाव असलेली परिचारिका, हेही त्यात स्पष्ट आहे. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. वऱ्हाड मात्र १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हता, तो मध्य प्रांताशी (पुढे मध्य प्रदेशाशी) जोडलेला होता, त्यामुळे तिथल्या परिचारिकांची नोंदणी मुंबईच्या व्यवस्थेखाली येत नव्हती. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ ने राज्यभराच्या नोंदणीला एक चौकट दिली. १९४९ च्या कायद्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी लावणे बंधनकारक झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. या शिक्षेचा रोख प्रथमदर्शनी काम करणाऱ्या व्यक्तीवर आहे. जिला पांढरा कोट घालून त्या खाटेशी उभे केले गेले तिच्यावर तो आहे, आणि उभे करणाऱ्याकडे बोट दाखवण्याची आपल्या कायद्यांना अजून पुरती सवय झालेली नाही, असे म्हणावे लागते.

तथापि कायदा सांगून विषय संपत नाही, कारण मालकाचा युक्तिवाद कायद्याचा नसतोच. तो म्हणतो की इंजेक्शन देणे हे हाताचे काम आहे, दहा वर्षे जिने रोज पन्नास इंजेक्शने दिली तिचा हात नुकत्याच पदविका घेऊन आलेल्या मुलीपेक्षा हलका असतो, मग कागदाचे कौतुक कशासाठी? या युक्तिवादाला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. इंग्लंडात परिचारिकांच्या नोंदणीची चळवळ सुरू झाली तेव्हा खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला होता, कारण चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेने आणि यादीने मोजता येत नाहीत असे त्यांचे मत होते. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला आणि इंग्लंडने १९१९ मध्ये, म्हणजे नाइटिंगेल यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. नाइटिंगेल यांची शंका अगदीच खोटी नव्हती, पण त्यांच्यासमोर कडक शिस्तीच्या, मेट्रनच्या देखरेखीखाली चालणाऱ्या प्रशिक्षणशाळा होत्या. दहा खाटांच्या दवाखान्यात, रात्री दोन वाजता, डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले असताना एकट्याने वॉर्ड सांभाळणारी अठरा वर्षांची मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

हाताचे काम म्हणजे शुश्रूषा हा समज कुठे कोसळतो, हे एका उदाहरणाने नीट कळते. गरोदरपणी वा बाळंतपणात रक्तदाब फार वाढून झटके येऊ लागले (वैद्यकात याला एक्लॅम्प्सिया म्हणतात) तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध दिले जाते, आणि मोठ्या प्रमाणावर प्रचलित असलेल्या एका पद्धतीनुसार सुरुवातीच्या मात्रेनंतर दर चार तासांनी पाच ग्रॅम औषध कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर टोचायचे असते. टोचण्याची ही क्रिया कोणीही आठवडाभरात शिकेल. परंतु प्रत्येक पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे आवश्यक असते : गुडघ्याखाली हातोडीने वा हाताच्या कडेने हलका ठोका दिल्यावर पाय झटकन उडतो की नाही, श्वास मिनिटाला सोळा वा त्याहून अधिक आहेत की नाही, आणि मागील चार तासांत लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या हिशेबाने झाली आहे की नाही. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे लघवी कमी झाली तर ते रक्तात साठते. साठले की प्रथम गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, मग श्वास मंदावतो आणि शेवटी थांबतो. म्हणून झटका येत नसेल तर पुढची मात्रा थांबवायची, डॉक्टरांना उठवायचे आणि उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. येथे शुश्रूषेचे सारे मर्म सुई न टोचण्यात आहे. लेखी आदेशात ‘दर चार तासांनी’ असे असताना तो आदेश पाळू नये हे ठरवण्यासाठी आधी शरीरक्रियाविज्ञान ठाऊक असावे लागते, आणि नंतर झोपलेल्या डॉक्टरांचे दार ठोठावण्याची हिंमत असावी लागते.

ही हिंमत केवळ स्वभावाचा भाग नाही. नोंदणीकृत परिचारिका स्वतःच्या नावाने उत्तरदायी असते, तिची नोंदणी मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते, एक दवाखाना सुटला तर दुसरीकडे तोच दाखला चालतो, आणि म्हणूनच ‘हे मी देणार नाही, आधी तुम्ही येऊन पाहा’ असे म्हणण्यासाठी तिच्या पायाखाली थोडी तरी जमीन असते. मदतनिसाजवळ हे काही नसते. तिची सारी पत तिला कामावर ठेवणाऱ्याच्या शब्दावर असते, ‘मॅडम, जरा येता का’ एवढे म्हणायलाही ती दोनदा विचार करते. नोंदणीकृत परिचारिकेऐवजी मदतनीस ठेवणारा मालक पगारात बचत करतो एवढेच नेहमी बोलले जाते. या व्याख्यानाचे म्हणणे असे की तो त्याखेरीज आणखीही काही विकत घेतो, आणि ते म्हणजे विनाप्रश्न आज्ञापालन. रुग्णाच्या दृष्टीने पगारातील बचतीपेक्षा ही खरेदी अधिक घातक आहे, कारण डॉक्टरची चूक अडवणारा खाटेशेजारचा शेवटचा माणूस या खरेदीमुळे नाहीसा होतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न एका बालकाच्या प्रकरणात आला होता. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया या खटल्याचा निकाल मार्च १९९८ मध्ये लागला. विषमज्वराच्या उपचारासाठी दिल्लीच्या रुग्णालयात दाखल केलेल्या मुलाला डॉक्टरांनी एक प्रतिजैविक शिरेतून देण्यास सांगितले होते. परिचारिका म्हणून नेमलेल्या व्यक्तीने वडिलांना भलतेच इंजेक्शन आणायला सांगितले, ते लॅरिआगो म्हणजे मलेरियावरचे क्लोरोक्विन होते, आणि ते तिने बालकाच्या योग्य मात्रेच्या कितीतरी अधिक प्रमाणात शिरेतून दिले. मुलाचे हृदय थांबले. ते पुन्हा चालू झाले, पण मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाला चौकशीत आढळले की ती व्यक्ती पात्र परिचारिका नव्हती आणि कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेत तिची नोंद नव्हती. आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपये भरपाई ठरवली व सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रुग्णालयाचे उत्तरदायित्व मान्य झाले, आणि डॉक्टरांनी हे काम स्वतः न करता तिच्यावर सोपवले हाही निष्काळजीपणाच ठरला. अशा खटल्यांना ग्राहक कायद्याची वाट मोकळी झाली होती ती त्याआधी थोडीच वर्षे, म्हणजे १९९५ मध्ये, वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखाली येते असे त्याच न्यायालयाने सांगितले तेव्हा.

एका खटल्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये, असा आक्षेप रास्त आहे. परंतु या विषयावर मोठ्या प्रमाणावरील संशोधनही उपलब्ध आहे. अमेरिकेतील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका परिचारिकेवरील रुग्णांची संख्या एकाने वाढली की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे दिसले. त्याच संशोधकांच्या पुढील अभ्यासाचा प्रस्तुत विषयाशी अधिक निकटचा संबंध आहे : दर पंचवीस रुग्णांमागे एका व्यावसायिक परिचारिकेच्या जागी एक साहाय्यक ठेवला, तर मृत्यूची संभाव्यता एकवीस टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कार्यकारणाचा अखेरचा पुरावा देत नाहीत, ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. ती रुग्णालये युरोपातील आहेत, तिथले साहाय्यक बहुधा काही शिक्षण घेतलेले आणि देखरेखीखालचे असतात आणि ते स्वतःला परिचारिका म्हणवत नाहीत; तरीही तिथे हा फरक दिसला.

आता अर्थकारणाकडे वळणे भाग आहे, कारण तालुक्याच्या गावातील डॉक्टरवर सारा दोष टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. वऱ्हाडातील अकोट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव, मेळघाटाचा दक्षिण दरवाजा. डोंगरातून खाली आलेला रुग्ण प्रथम इथे येतो आणि आवरले नाही तर अकोल्याला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वा लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयात पाठवला जातो. अशा ठिकाणी दहा खाटांचा दवाखाना चालवणाऱ्या दांपत्याला नोंदणीकृत परिचारिका टिकवणे खरोखरच कठीण असते, कारण पदविका हाती आली की मुलगी शासकीय भरतीची वाट धरते, नाहीतर नागपूर-पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांची, नाहीतर आखाती देशांची. खर्चाचा हिशेब मात्र सहसा जितका भीतीदायक सांगितला जातो तितका तो नाही. आठवड्याचे तास १६८. एका व्यक्तीने अठ्ठेचाळीस तास काम केले तर चोवीस तास एक परिचारिका हजर राहण्यासाठी साडेतीन माणसे लागतात, रजा धरून चार. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमण्याचा आदेश दिला होता, आणि त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आधाराला घेतली तर चौघींचे ऐंशी हजार होतात. दहांपैकी सरासरी पाचच खाटा भरलेल्या धरल्या तर महिन्याचे रुग्णदिवस दीडशे, म्हणजे प्रत्येक रुग्णामागे दिवसाला साधारण ५३३ रुपये. ही रक्कम लहान नाही. कपाशीच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या घराला ती जाणवेल. पण दाखल रुग्णाच्या बिलातील औषधे, तपासण्या आणि खोलीभाडे यांच्या शेजारी ती मांडून पाहिली, तर परिचारिका परवडत नाही हे विधान पुन्हा तपासून घ्यावेसे वाटते. शिवाय रुग्णाच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ असतेच, आणि ज्या सेवेचे पैसे त्या ओळीखाली घेतले जातात ती सेवा द्यायला परिचारिका होती का, हे विचारण्याचा हक्क बिल भरणाऱ्याला आहे.

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो विदर्भातूनच येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. आरोग्यदूत म्हणवल्या जाणाऱ्या या स्त्रिया बाळाचे वजन करीत, ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखत आणि गरज पडल्यास जेन्टामायसिनचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकोणचाळीस गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटला. मग पदविका नसलेली बाई इंजेक्शन देऊ शकते हे सिद्ध झाले असताना अकोटच्या दवाखान्यातील मदतनिसावर आक्षेप कशाच्या बळावर घ्यावा?

उत्तर असे की गडचिरोलीत अदलाबदल झालीच नव्हती. त्या गावांत परिचारिकेला हटवून आरोग्यदूत आणली गेली नाही. जिथे कोणीच नव्हते तिथे ती आली. तिचे काम मोजके आणि लिहून ठरवलेले होते, कोणती लक्षणे दिसली तर औषध द्यायचे आणि केव्हा पुढे पाठवायचे हे पक्के होते, तिच्या नोंदी कोणीतरी नियमित येऊन तपासत असे, आईवडिलांची संमती घेतलेली होती, आणि गावाला ती कोण आहे व कोण नाही हे पूर्ण ठाऊक होते. जागतिक आरोग्यक्षेत्रात याला कार्यवाटप म्हणतात, म्हणजे एखाद्या कामाचा सुटा, सुरक्षित भाग कमी शिकलेल्या व्यक्तीकडे शिक्षण व देखरेखीसह सोपवणे. दवाखान्यातील मदतनिसाला यांपैकी एकही गोष्ट मिळत नाही. तिच्या कामाला काठ नाही. आज टाके काढायला, उद्या ऑक्सिटोसिनच्या थेंबांवर लक्ष ठेवायला आणि परवा शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाच्या हाताखाली उभे राहायला तिलाच सांगितले जाते. कार्यवाटपाच्या नावाने अदलाबदलीचे समर्थन करणे म्हणजे गडचिरोलीच्या त्या स्त्रियांच्या कष्टांचा गैरवापर होय.

शासनही या बाबतीत स्वच्छ हातांनी बोलू शकत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या तेव्हा त्यांचा मुख्य विरोध पदे बाह्यस्रोतांकडून, म्हणजे कंत्राटदारामार्फत भरण्याला होता. कंत्राटावरची परिचारिका नोंदणीकृत असते हे खरे, पण आज आहे आणि उद्या नाही अशा माणसाला नकार देणे जड जाते, आणि वर मांडलेला मुद्दा तिलाही तितकाच लागू पडतो.

मदतनिसाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे, कारण या व्यवहारात तिचीही फसवणूक होते. मेळघाटातून पुनर्वसन होऊन अकोट व तेल्हारा तालुक्यांत आलेल्या गावांतील कोरकू स्त्री दाखल होते, तेव्हा तिची भाषा समजणारी, ‘दुखते कुठे’ हे तिच्याच शब्दांत विचारणारी मदतनीस हे त्या वॉर्डाचे मोठे धन असते. हे काम पदविकाधारक बाहेरगावची परिचारिका करू शकणार नाही. पण या गुणाचे वेगळे मोल कोणी करत नाही. तिला ‘सिस्टर’ म्हणवून घेण्याचा मान मिळतो आणि त्या मानात पगाराची उणीव बुडवली जाते. पंधरा वर्षे काम करूनही तिच्या हाती दाखला नसतो, दुसऱ्या गावी तिचा अनुभव शून्य धरला जातो, आणि काही विपरीत घडले तर पोलिसांच्या जबाबात ती ‘अप्रशिक्षित महिला’ होते. एएनएमच्या प्रवेशाला बारावी उत्तीर्ण आणि कमाल वय पस्तीस ही अट असल्याने तिच्यासारख्या अनेकींना मागे वळून शिकण्याची वाटही बंद आहे.

म्हणून केवळ धाडी आणि दंड यांनी हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. धाडीच्या दिवशी मदतनिसांना घरी पाठवले जाईल आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कामावर येतील. किमान व्यवहार्य मागणी अशी की प्रत्येक पाळीत निदान एक नोंदणीकृत परिचारिका असावी, औषधे देण्याचा आणि देण्याचे थांबवण्याचा निर्णय तिच्या सहीने व्हावा, मदतनिसांच्या छातीवर त्यांचे खरे पद लिहिलेले असावे, आणि रुग्णहक्कांच्या सनदेशेजारी त्या रात्रीच्या परिचारिकेचे नाव व नोंदणी क्रमांक लावलेला असावा. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना इमारतीचा नकाशा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा करार जितक्या काटेकोरपणे पाहिला जातो, तितक्याच काटेकोरपणे वेतनपत्रकावरील नोंदणी क्रमांक परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहिले, तर १९४९ च्या कायद्यातील ‘योग्य प्रमाण’ या शब्दांना पहिल्यांदाच काही वजन येईल.

वर्षानुवर्षे काम करत आलेल्या स्त्रियांचे काय करावे, याला मात्र इतिहासात एक नमुना आहे. इंग्लंडने १९१९ मध्ये नोंदवही उघडली तेव्हा पूर्वीपासून काम करणाऱ्यांसाठी ठरावीक मुदतीचे स्वतंत्र दार ठेवले होते : अनुभवाचा पुरावा आणि चारित्र्याचा दाखला दिला की परीक्षेविना नाव चढत असे. पुढे १९४३ मध्ये साहाय्यक परिचारिकांसाठी दुसरी, खालच्या पायरीची स्वतंत्र यादी काढली गेली. परीक्षेविना नाव चढवण्याची सवलत आज इथे देणे धोक्याचे ठरेल, कारण १९१९ च्या वॉर्डात इन्फ्यूजन पंप नव्हते. पण वयाची अट शिथिल करून, कामावर असतानाच आठवड्यातील दोन दिवस अकोल्याच्या वा अमरावतीच्या शासकीय परिचर्या शाळेत पूर्ण करता येईल असा एएनएमचा अभ्यासक्रम, आणि जिला तो झेपणार नाही तिच्यासाठी मर्यादित कामांची साहाय्यकांची वेगळी यादी, एवढे राज्याच्या परिचर्या परिषदेला व शासनाला मिळून ठरवता येण्याजोगे आहे. त्या शिक्षणाच्या काळातील वेतन दवाखान्याने द्यावे की शासनाने, यावर डॉक्टरांच्या संघटनेशी वाद होईल. तो व्हावा, कारण मदतनिसाच्या शिक्षणाचा खर्च कोणाचा या प्रश्नावर आजवर त्या दोघांपैकी कोणालाही तोंड उघडावे लागलेले नाही.